‘सत्यभामा’चे राहिलेले काम

ही हकीकत खरी आहे. ज्यांना भुताखेतांत नुसती करमणूक हवी असेल त्यांनी दुसरीकडे पाहावे. हे माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडले, आणि तिला मी सत्तर वर्षे ओळखते. राजलक्ष्मी रागीट आहे. हट्टी आहे. खोटारडी नाही.

आणखी एक. या हकीकतीत रात्र नाही.

जे झाले ते भर उन्हात झाले. बहुतेक सारे दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, बेलापूरच्या खाडीकाठी एका जुन्या बोटयार्डात. याच वर्षी, होळीपासून वैशाखाच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापर्यंत.

राजलक्ष्मीचे यजमान मानसिंगराव जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोव्याहून एक जुनी शिडाची बोट आणली. छत्तीस फुटांची, आत निजायला आणि रांधायला जागा असलेली. ती दुरुस्त करायची आणि दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने केरळपर्यंत जायचे, असा बेत होता. बोटीचे नाव त्यांनी ठेवले ‘सत्यभामा’.

“माझं नाव दिलं नाहीत ते बरं केलंत,” राजलक्ष्मी म्हणाली होती. “रुसून बसणारीचंच नाव शोभतं हिला.”

बोट अकरा वर्षे यार्डात टेकूंवर उभी राहिली.

मानसिंगरावांना कोणतेही काम पुरे झाले असे वाटतच नसे. दार बसवले की ते एका बाजूने केसभर वर वाटे, काढले. व्हार्निशचा हात दिला की त्यात एखादे चिलट चिकटलेले दिसे. सगळे घासून पुन्हा पहिल्यापासून. दर दिवाळीला त्यांचे एकच वाक्य असे, “आता फक्त पंधरा दिवसांचं काम राहिलंय.”

अशा अकरा दिवाळ्या गेल्या.

गेल्या कार्तिकात ते गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात त्यांनी राजलक्ष्मीचा हात धरला. “माझ्या अस्थी माझ्याच बोटीतून न्यायच्या. खांदेरी बेटाच्या पलीकडे. आणि इंजिनवर नाही, शिडावर.”

तिने शब्द दिला.

आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली.

आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. कलश बाहेर झाडाला टांगतात आणि दहाव्याच्या आत विसर्जन करून मोकळे होतात. राजलक्ष्मी राहते खांदेश्वरला, तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या आवारातल्या बदामाला कलश टांगला, तर दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी दारात उभे. “काकू, मुलं खेळतात खाली. घाबरतात.”

राजलक्ष्मीने मला फोन केला. म्हणाली, “ताई, बोटीवर ठेवते. पंधरा दिवसांचं तर काम आहे. बोटीला ना उंबरा, ना देव्हारा. ते काही घर नव्हे.”

मी म्हटले, ठेव.

ते मी म्हटले. घरात वडीलधारी मी होते आणि मी म्हटले, ठेव.

यार्डात वामन नावाचा सुतार आहे, तिथल्याच खाडीकाठच्या गावचा. अकरा वर्षे त्यानेच मानसिंगरावांबरोबर काम केले. ते इंजिनिअर होते, पण तो त्यांना कप्तान म्हणे. लाल कापडात बांधलेला कलश केबिनमधल्या आकड्याला टांगताना त्याने हातातला हातोडा खाली ठेवला.

“काकी, राग नका धरू. पन हिथं नका ठेवू. कप्तानचा खरा घर त ह्याच हाय.”

“वामन, तू रंधा मार,” राजलक्ष्मी म्हणाली. “धर्म मला शिकवू नकोस.”

सुरुवातीचा उशीर माणसांचा होता. डोलकाठीच्या तारा आखूड आल्या, परत गेल्या. इंजिनाचा पंप आला तो दुसऱ्याच इंजिनाचा. शिडाची शिलाई करणारा शीड घेऊन लग्नाला गावी गेला आणि महिनाभर तिकडचाच झाला. राजलक्ष्मी रोज रिक्षाने यार्डात येई, प्लास्टिकच्या खुर्चीत पदर खोचून बसे आणि एकेकाला फैलावर घेई.

“उद्या देतो म्हणालास ना? कोणत्या वारचा उद्या?”

तिच्यापुढे कोणाचे काय चालणार. होळीपर्यंत सगळे मार्गी लागले. एक जूनला समुद्र बंद होतो, मच्छीमारसुद्धा बोटी वर ओढतात. त्याच्या आत विसर्जन व्हायलाच हवे होते. हातात अडीच महिने होते.

होळीनंतरच्या सोमवारी वामनने केबिनच्या सागवानी दाराला व्हार्निशचा आठवा, म्हणजे शेवटचा, हात दिला. बारा वाजता राजलक्ष्मी आणि माणसे जेवायला गेली. दोन वाजता परत आली.

दार... कोरे होते.

आठही हात घासून काढलेले. खाली उघडे सागवान. त्यावर नखाएवढा ओरखडा नाही.

राजलक्ष्मीच्या मस्तकात तिडीक गेली. “वामन, हे काय आहे?”

“आयच्यान काकी, मी जेवाला गेलतो. तुमच्या समोरशी गेलो ना.”

“मग काय भूत आलं होतं?”

“ता मी कशाला बोलू.”

तिने एका रंगाऱ्याला त्याच दिवशी हाकलले. आठ दिवसांत पुन्हा आठ हात चढले.

पुढच्या आठवड्यात खिडक्यांचे स्क्रू निघाले. दुपारी, जेवणाच्या वेळेत. चाळीस स्क्रू एका घडी घातलेल्या रुमालावर ठेवलेले होते. लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने.

राजलक्ष्मी त्या रुमालाकडे बराच वेळ पाहत राहिली. असे स्क्रू मांडणारे माणूस तिने एकच पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी बाराला तिने स्वतः केबिनला कुलूप घातले. किल्ली कमरेला खोचली. शिडीच्या पायथ्याशी खुर्ची टाकली आणि सगळ्यांना जेवायला पिटाळले. यार्डात चिटपाखरू नव्हते. ओहोटी होती. खाडीचा चिखल उन्हात चरचरत होता.

साडेबारा झाले.

आणि मग वरून... खर्र.

खर्र... खर्र...

पॉलिश पेपर लाकडावर फिरल्याचा आवाज. राजलक्ष्मीने मोजले. सात वेळा झाला आणि थांबला.

मग... एक फुंकर.

मानसिंगराव घरीसुद्धा फळ्या आणून गॅलरीत घासत बसायचे. सात वेळा घासायचे. फुंकर मारून भुसा उडवायचा. अंगठा फिरवून पाहायचा. पुन्हा सात वेळा. अकरा वर्षे ती हे ऐकत आली होती. दूध तापवताना, दिवा लावताना, आजारात पडून असताना.

तिने शिडी चढून कुलूप काढले.

आत कोणी नव्हते.

बोट जमिनीवर, टेकूंवर उभी. वाऱ्याची झुळूक नाही. पण आकड्याला टांगलेला कलश... हळूहळू झुलत होता.

तिने जवळच्या फळीवर हात ठेवला. तळहाताएवढी जागा नुकतीच घासलेली होती. बाकी फळी गार होती. तेवढी जागा गरम होती.

दुसरी कोणी असती तर किंचाळत खाली आली असती. राजलक्ष्मीला राग आला.

“अजून?” ती एवढेच म्हणाली.

चैत्र असाच गेला. हिने दिवसभर काम करून घ्यायचे, दुपारी कोणीतरी ते सोडवायचे. माणसे कुजबुजू लागली. मग येईनाशी झाली. वामन तेवढा राहिला, पण बारा वाजले की तो यार्डाच्या फाटकाबाहेर जाऊन बसे.

राजलक्ष्मीची लेक मंजुषा बेलापूरलाच वकिली करते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती काळ्या कोटातच यार्डात आली. दोघी बोटीच्या सावलीत बसल्या.

“आई, किती टेन्शन घेशील? वजन बघ तुझं काय झालंय. अस्थी इथेच खाडीत सोडून देऊ या. दोन मिनिटांचं काम.”

“मी शब्द दिलाय.”

“बाबांना आता काय कळणार आहे?”

आणि वर काहीतरी... थांबले.

कधीपासून चालू होते ते दोघींनाही सांगता आले नसते. बोलण्याच्या नादात ते कानात मुरून गेले होते. थांबले तेव्हा कळले.

मंजुषाने मान वर केली. बोटीची पांढरी कूस तिच्या डोक्यावर होती. पलीकडून कोणीतरी श्वास धरून ऐकत असावे, इतकी शांतता होती.

ती उठली, पर्स घेतली आणि चालू लागली. चप्पल तिथेच राहिली. त्यानंतर तिने यार्डात पाऊल ठेवलेले नाही.

राजलक्ष्मी मात्र हटली नाही. व्हार्निश नसले तर नसो, खिडक्या नसल्या तर फळ्या ठोका, पण बोट तरंगली पाहिजे, असा तिने हुकूम सोडला. त्या यार्डातून एवढी बोट पाण्यात उतरवायची तर उधाणाची भरती लागते. वैशाख अमावास्येचे उधाण हे शेवटचे. त्यापुढचे जूनमध्ये, समुद्र बंद झाल्यावर. अमावास्येला सकाळी नऊची क्रेन ठरली.

क्रेन आली. वामन बोटीच्या मागच्या बाजूला गेला आणि तिथेच खाली बसला.

सुकाणू जागेवर नव्हते.

ते खाली जमिनीवर, गोणपाटावर निजवलेले होते. उचलायला तीन गडी लागतात असले ते धूड. त्याच्या शेजारी सगळे बोल्ट, लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने.

आणि सुकाणूची एक कड... जराशी घासलेली. केसभर.

पाणी चढत होते, पण सुकाणू परत बसवायला दिवस लागला असता. अकरापर्यंत सगळे थांबले. क्रेनवाला निघून गेला. वामन डोके धरून म्हणाला, “काकी, आता नारली पुनवेपरत कायच नाय व्हनार.”

राजलक्ष्मी खुर्चीत बसून राहिली. बारा वाजले तेव्हा उठली. वामन फाटकाबाहेर गेला. ती शिडी चढून केबिनमध्ये उतरली आणि कलशासमोर उभी राहिली.

“मानसिंगराव.”

लग्नातल्या उखाण्यानंतर, चव्वेचाळीस वर्षांनी, तिने नवऱ्याचे नाव घेतले.

“अकरा वर्षं डबे भरून दिले. भुशाने माखलेले शर्ट धुतले. दर दिवाळीला विचारलं, दर दिवाळीला तुम्ही पंधरा दिवस सांगितलेत. गेलात तेव्हाही पंधरा दिवसच राहिले होते. मेल्यावर तरी माणसाचं काम संपावं की नाही?”

तिने पदर खोचला.

“माझे गुडघे गेले. केस गेले. तुमच्या या खोक्यापायी माझं म्हातारपण यार्डातल्या धुळीत गेलं. मी शब्द पाळायला निघाले, तर तुम्हीच आडवे पडता. ठीक आहे. पाळू देत नाही ना? मग मोडते. उद्या मोरा बंदरातून मच्छीमाराच्या बोटीने नेणार तुम्हाला. इंजिनवर. ऐकलंत? इंजिनवर.”

खर्र...

एकदाच. अगदी हलके. तिच्या कोपराशी.

“पुरे,” ती म्हणाली आणि तिने आकड्यावरून कलश काढला.

कलश छातीशी धरून ती शिडी उतरत होती तेव्हा वर पुन्हा सुरू झाले. पण हा आवाज निराळा होता. सात नाहीत, मधे थांबणे नाही, फुंकर नाही. खर्र-खर्र-खर्र-खर्र... एकसारखा, धापा टाकत असल्यासारखा.

मानसिंगरावांनी जन्मात कधी घाई केली नव्हती.

तिने मागे वळून पाहिले नाही. हे तिने मला दोनदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती मोऱ्याच्या धक्क्यावर होती. प्रीतम नावाच्या नाखव्याची बोट ठरली होती. त्याने तिला हात देऊन आत घेतले.

“मावशी, खांदेरीच्या पलीकडं म्हंजे दोन घंटं तरी लागतील. उलटी-बिलटी होईल हां.”

“मी उलटी करणारी दिसते का रे तुला?”

“नाय. तुमी दुसऱ्याला करायला लावनारी दिसताव.”

ती हसली नाही. पण त्याच्या हातचा चहा मात्र प्याली.

साडेआठ-पावणेनऊला खांदेरी मागे पडली. प्रीतमने इंजिन बंद केले. समुद्र परातीत ओतल्यासारखा सपाट होता. राजलक्ष्मीने लाल कापड सोडले, कलश तिरका केला. बोलायचे ते सगळे आदल्या दिवशी बोलून झाले होते. अस्थी पाण्यात गेल्या, राख जरा वेळ पसरून राहिली आणि मग दिसेनाशी झाली. तिने घड्याळ पाहिले. नऊला पाच कमी होती.

काहीही झाले नाही. लाट उठली नाही, पक्षी ओरडला नाही. संपले, असे तिला वाटले.

मोरा दिसू लागला तेव्हा तिचा फोन वाजला. वामन होता.

“काकी, तुमी कोनाला लावलाव कामाला?”

“कसल्या कामाला?”

“मी सकालपासून फाटकावर हाय. कोनी आत आला नाय. सातला सुकानू खाली व्हता, मी बगला. नऊला चाय प्यालो न् आत आलो त... तुमी याच.”

ती तशीच, अंघोळ न करता, यार्डात गेली.

‘सत्यभामा’ तयार होती.

सुकाणू जागेवर. खिडक्या जागेवर, काचा पुसलेल्या. डोलकाठीच्या तारा ताणलेल्या, शीड आडव्या काठीवर व्यवस्थित घडी घालून बांधलेले. सागवानाच्या दाराला व्हार्निशचे आठ हात, आरशासारखे. एक हात वाळायला एक दिवस लागतो. वामनने बोट लावून पाहिले. खडखडीत वाळलेले.

एकदेखील खोड काढायला जागा नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“एक दिवस,” राजलक्ष्मी दात आवळून म्हणाली. “एक दिवस आधी केलं असतंत तर काय गेलं असतं तुमचं?”

संतापाने तिला रडू फुटले. ती तशीच वर चढली. केबिनमध्ये उतरायला वळली.

राजलक्ष्मीची उंची पावणेपाच फूट. त्या केबिनच्या पायऱ्या पुरुषी मापाच्या. आजवर प्रत्येक वेळी तिला काठावर बसून, पाठमोरी होऊन, पायाने चाचपत उतरावे लागले होते.

तिने पाय खाली सोडला... आणि तो टेकला.

दोन पायऱ्यांच्या मधे एक नवी पायरी होती. सागवानाची, कडा गोल केलेली. शेजारी भिंतीला एक लाकडी कठडा होता, अगदी तिच्या हाताच्या उंचीवर. तिने मूठ वळवली. मूठ बरोबर बसली. कठडा इतका गुळगुळीत होता की महिनोन् महिने कोणी तेवढेच घासत बसले असावे.

“ह्यो पाट मी नाय लावला, काकी,” वामन वरून म्हणाला. “कप्तानच्या कागदावर बी नव्हता.”

राजलक्ष्मी त्या पायरीवर बसून राहिली. किती वेळ, ते तिला आठवत नाही.

हे सगळे तिने मला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितले. मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता, पण तो पायरीमुळे नव्हे. तिच्या आवाजात राग नव्हता. तिचा असा आवाज मी सत्तर वर्षांत ऐकलेला नाही.

जून गेला. विसर्जन झाले की राजलक्ष्मी बोट विकणार होती. आता नाही म्हणते. रोज यार्डात जाते. वामन सांगतो, नुसती त्या पायरीवर बसून असते, कठड्यावर हात ठेवून. त्यानेच परवा मला कळवले की नारळी पौर्णिमेच्या उधाणासाठी तिने क्रेन सांगून ठेवली आहे.

मी तिला फोन लावला.

“कशाला हवी आहे क्रेन?”

“बोट तयार आहे, ताई. तयार बोट जमिनीवर ठेवू नये.”

“चालवणार कोण?”

तिने उलट माझ्याच तब्येतीची चौकशी केली.

“राजी, मी विचारते आहे. शीड उभारणार कोण? सुकाणूवर कोण बसणार? वामनला नेणार आहेस?”

“वामन कशाला?” ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. “दोघांचंच ठरलं होतं.”

मी तिला खडसावले. थोरली म्हणून बजावले, जायचे नाही. आजवर माझा शब्द तिने खाली पडू दिलेला नाही. तिने सगळे ऐकून घेतले, “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. ते ‘बरं’ मला पटलेले नाही. मंजुषाला सांगितले, आईला घरात ठेव. तर ती म्हणते, आई कधी नव्हे ती आनंदात आहे, कशाला अडवायचं.

पौर्णिमेला अकरा दिवस आहेत. उद्या सकाळच्या गाडीने मी साताऱ्याहून निघते आहे. खांदेश्वरला जाऊन तिच्या दारात बसणार आहे.

मानसिंगराव माझ्याशी नेहमी अदबीने वागले. मी त्यांना वाईट माणूस कधीच म्हटले नाही आणि आजही म्हणत नाही. त्यांनी ती पायरी प्रेमाने केली असेल, कठडाही प्रेमाने केला असेल.

पण राजलक्ष्मीला पोहता येत नाही. आणि हे मानसिंगरावांना ठाऊक होते.